रुमालाखालचा हात

“यंदा रुमालाखाली हात माझा जाईल,” हरणाबाई म्हणाली.

सांगलीच्या हळदपेठेत हसू फुटलं. एक व्यापारी म्हणाला, “मग आमी घरी इचारून येतो गड्या!”

हरणाबाई हसली नाही. तिची पोती समोर उघडी ठेवली होती. तिच्या तुकड्यात दर साली तीनच पोती हळद निघे. पेठेत भाव तोंडानं ठरत नसे. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात धरत, बोटं दाबून आकडा सांगत. तो त्या दोघांनाच कळे. नवरा गेल्यापासून चार वर्षं तिच्यासाठी धाकटा दीर नानासो हात घाली आणि घरी येऊन पैसे तिच्या पदरात टाकी. भाव काय मिळाला, ते त्याच्या सांगण्यावर.

त्या सांगण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. पलूसच्या सयाजी हमालाकडून हिवाळाभर तिनं बोटांचे आकडे शिकून घेतले. यंदा पोती स्वतः भरली, स्वतः शिवली आणि गाडीत त्यांच्यावरच बसून आली. बैल नानासोनं हाकले, पण त्याला सुतळीलाही हात लावू दिला नाही. चोरी उघडी पडली की पंच बसवायचे आणि वाटणी घ्यायची, हे तिनं ठरवलं होतं.

निघताना जाऊ साळूबाई दारातून ओरडली होती, “जळो ती हळद! हिच्यापायी माझी पोरं फाटक्यात ऱ्हायली.”

चोरीतला हिस्सा कमी पडत असंल, हरणाबाई मनात म्हणाली.

“वैनी, ऐका माझं,” नानासो हळूच म्हणाला. “आज माल परत न्यू. पुढच्या बाजारी मी आणतो.”

“का वो भावजी? घाम का फुटला?”

आडत्या आप्पासोंनी रुमाल धरला. पहिल्या व्यापाऱ्यानं विस्तवाला हात लागावा तशी तिची बोटं दाबून सोडली. दुसऱ्यानं तोच आकडा दिला. तिसऱ्यानं हात जरा जास्तच वेळ धरला. तिनं नख रुतवलं, तेव्हा आकडा आला. तोच.

तिनं मनाशी हिशेब घातला. गेल्या साली जेवढे पैसे पदरात पडले होते, त्याच्या पाऊणपटच होत होते.

हरणाबाई ताडकन उठली.

“ह्यांना तुमी आधीच पढवून ठिवलंय, भावजी! भाव पाडला की ही रांड पुन्हा आपल्याच पाया पडंल, व्हय ना? चार सालं माझ्या लेकीच्या तोंडचं खाल्लंसा. भरल्या पेठेत सांगते, तुमी चोर हायसा. सोमवारी पंच बसवते. आजपास्नं तुमचा पाय माझ्या अंगणात नको.”

नानासोनं टोपी सारखी केली, बैलांचा कासरा तिच्या हातात दिला आणि तो स्टँडकडं चालू लागला. कुणीतरी हाक मारली. तो वळला नाही.

“आता खरा भाव काढा, आप्पासो,” हरणाबाई म्हणाली.

“हाच खरा, बाई. एवढ्याशा मालाला पेठ ह्याच्या वर जात न्हाई. गेल्या सालीबी एवढाच व्हता.”

“मग तवा पैसं जास्ती कसं आलं?”

आप्पासोंनी रुमालाची घडी घातली.

“तवा पोती चार व्हती. तुमच्या नावावर नानासो दर साली चारच आणायचे की.”