सोनेरी काठाचा पेला

जे गुन्हे पोलिसांपर्यंत पोचत नाहीत ते मोजायला आम्ही मोरोक्कोतल्या फेस शहराच्या बोळांतून दारोदार फिरतो. घरामागे दहा मिनिटं ठरलेली आहेत. ठरवणाऱ्याला इथला तीन पेल्यांचा चहा कुणी पाजलेला नसावा. बायकांना इथे मानाने म्हणतात तसं म्हणत मी विचारलं, "लल्ला बतूल, गेल्या वर्षभरात घरातलं काही चोरीला गेलं?" "छे रे बाळा, अल्लाची कृपा!" म्हणत म्हातारीने पहिला पेला पुढे केला. दाराचं कुलूप नवंकोरं दिसत होतं, म्हणून दुसऱ्या पेल्याला मी पुन्हा विचारलं. "हवालदारासारखा खोदतोस काय? पुदिना कमी पडला असेल तर सांग." तिसऱ्या पेल्याला लक्षात आलं, की तबकातल्या सहा पेल्यांत एकसारखे दोन नाहीत. मग तीच बोलली. "नवऱ्याने आणलेला अख्खा संच गेला. वाटलं, आता पाहुण्याला दार उघडायचं कोणत्या तोंडाने? तर सकाळी शेजारणी एकेक पेला घेऊन हजर. हा तामूचा, हा सुताराच्या बायकोचा..." "आणि हा सोनेरी काठाचा?" "तो माझ्याच संचातला. रमजानात उंबऱ्यावर ठेवलेला सापडला. पाच घरांनी दिलं, ते बघून चोरालाही राहवलं नसेल. नाव विचारू नकोस, सांगायची नाही. पोलीस नेतील त्याला." "नाव आम्ही विचारतच नाही, लल्ला. पण चोरी झाली, एवढं लिहावं लागेल." "लिही. पण चोरीनंतर मदत कुणी केली, हे विचारतोस की नाही?" "विचारतो ना." "मग सहा घरं लिही," म्हणत तिने सोनेरी काठाच्या पेल्यात मला चौथा चहा ओतला.