दिगू कुठंय?

आत गोदाक्कांनी हंबरडा फोडला, की बाहेर बाकावर बसलेल्या मुलींना कळायचं, बातमी सांगून झाली. नर्सिंगची तोंडी परीक्षा होती. अपघातातून वाचलेल्या पेशंटला तिचा मुलगा गेल्याचं नीट सांगायचं, याला गुण होते. गोदाक्का यंत्र होत्या. प्रत्येक मुलीनंतर फडणीस मॅडम त्यांची आठवण पुसायच्या, आणि पुढच्या मुलीला गोदाक्का पुन्हा विचारायच्या, "माझा दिगू कुठंय गं?"

शेवटचा नंबर रणपिसेचा होता. सकाळपासूनचे सगळे हंबरडे तिने ऐकले होते. ती कॉटजवळ बसली, गोदाक्कांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "येतोय, आक्का. वाटेत आहे."

"नापास," मॅडम म्हणाल्या. "पेशंटला खोटा धीर द्यायचा नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवलंय."

"हो, मॅडम," म्हणून ती निघून गेली.

मॅडमनी यंत्र बंद करायला हात पुढे केला. गोदाक्का पदर सारखा करत होत्या.

"बाई, आला का हो दिगू? भुकेला असेल."

मॅडमचं बोट बटणावर थांबलं.

"खाली गाडी लावतोय," त्या म्हणाल्या. "आलाच."

मग त्यांनी बटण दाबलं.