रेडिओतलं जातं

मोशीच्या शाळेत वीसेक माणसं रेडिओभोवती बसली होती. रेडिओत एक सून नव्या सुधारित ज्वारीचं दळण दळत होती. जातं घरघरत होतं आणि ती सासूला सांगत होती, "पीठ बघा तरी आत्याबाई, कसं मऊसूत पडतंय!"

"जातं रिकामं हाय," दाराशी बसलेल्या छबूबाई म्हणाल्या.

कुणी लक्ष दिलं नाही. नाटुकलं संपलं. चिंचवडहून सायकलवर बॅटरी भरून आणणाऱ्या मन्सूरने रेडिओ बंद केला आणि लक्ष्मण मास्तर फळ्यापाशी गेले. रेडिओ मंडळाची रीत ठरलेली होती. गुरुवारी संध्याकाळी ऐकायचं, ऐकलं त्यावर बोलायचं, आणि काही विचारायचं असेल तर पोस्टकार्ड धाडायचं. मास्तरांनी महिन्याभरापूर्वी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले होते आणि ते पुसू दिले नव्हते. कोण बोलतंय? त्याला कसं ठाऊक? आपल्याला काय विचारायचंय? माणसं ते मोठ्याने म्हणत, माना डोलवत, आणि रेडिओत आलं ते खरं धरून घरी जात. पोस्टकार्डांचा गठ्ठा कोराच होता.

छबूबाईंचा मुलगा अर्जुनराव पुढे सरकला. नव्या बियाण्यासाठी नावं पुढच्या शुक्रवारी तालुक्याला जायची होती, आणि यादी मास्तरांकडेच होती.

"माझं लिवा मास्तर. सगळं रान नव्या ज्वारीचं." मग आईकडे वळून म्हणाला, "आये, मडक्यातलं जुनं बियाणं आता दळून टाक. खाऊन मोकळं होऊ."

ते बियाणं छबूबाईंच्या सासूने राखलेलं. ती गेल्यावर त्यांनी एक साल चुकू न देता राखेत घोळून ठेवलेलं. एकदा ते जात्यात गेलं की परत कुठून आणायचं?

"दळीन की," त्या म्हणाल्या. "पण आदी त्या बाईला इचारा मास्तर, तुजं जातं रिकामं का फिरत व्हतं?"

वर्गात हशा पिकला. अर्जुनरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, नाटक हाय ते!"

"आसंल. मग पीठ कसलं मऊ पडत व्हतं? जात्यात दानं आसलं की जातं दबून बोलतं. ते नुसतं दगडावर दगड घासत व्हतं."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. असा प्रश्न येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "छबूबाई, तिथं शिकलेली माणसं बसतात. असलं लिहिलं तर गावाला हसतील. आपण काहीतरी खताचं विचारू या."

"मास्तर," मन्सूर म्हणाला, "सायकलची ट्यूब कुठं फुसकती ते मी कान लावून सांगतो. तवा कोन हसत न्हाई. काकी चाळीस वर्सं दळत्यात."

मास्तरांनी फळ्यावरचे तीन प्रश्न पुन्हा वाचले. अक्षर त्यांचंच होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड काढलं. अर्जुनरावने सुचवलं की सुरुवातीला साष्टांग नमस्कार घालावा, मध्ये कार्यक्रमाची तारीफ करावी आणि शेवटी चूकभूल माफ असावी असं लिहावं.

"एवढं सगळं लिहिलं तर प्रश्न कुठं लिहू?" मास्तर म्हणाले. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "गुरुवारच्या नाटकातलं जातं रिकामं होतं. नव्या ज्वारीचं पीठ कुणी दळून पाहिलं आहे काय? छबूबाई, मोशी."

पुढच्या गुरुवारी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी दारावरूनही न जाणाऱ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मन्सूरने रेडिओ लावला. थोड्या वेळाने आतल्या माणसाने छबूबाईंचं नाव घेतलं, आणि त्यांनी पदर सारखा केला.

"मोशीच्या छबूबाईंचा कान मोठा तिखट," रेडिओ हसून म्हणाला. "आमची चूक कबूल. आज मात्र जात्यात खरोखरच नवी ज्वारी घातली आहे. ऐका."

जातं फिरू लागलं. आवाज या खेपेला भरदार होता. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्जुनरावने कानावरची पेन्सिल काढली आणि मास्तरांपुढची यादी आपल्याकडे ओढली.

छबूबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत रेडिओपाशी आल्या आणि खाली बसून त्यांनी कान लावला. जातं थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"दानं घातल्यात," त्या म्हणाल्या.

अर्जुनरावने हुश्श केलं.

"पन ज्वारी न्हाई. हरभरा भरडत्यात."

या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारी भिंतीपाशी नुसती मान हलवत राहिली. तिलाही तेच ऐकू आलं होतं. अर्जुनरावने आईकडे पाहिलं, मग यादीकडे, आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

मास्तरांनी दुसरं कार्ड काढलं. "काय लिहू, छबूबाई?"

"लिवा," छबूबाई म्हणाल्या, "मूठभर ज्वारी धाडा. दळायचं आमी बघतो."