दार कोणी धरायचं

“अम्मा, तुम्हाला मरायचंय,” देविका म्हणाली.

“कधी?” स्वयंपाकघरातून सासूबाईंनी, कनकाम्मांनी विचारलं.

“चार पंचवीसला.”

“सरी, बरं. मग कॉफी पिऊन येते.”

रविवार. चेन्नईतल्या वेलचेरीतला तिसरा मजला. देविकाच्या तिसऱ्या कादंबरीचा शेवट पाच वाजेपर्यंत साइटवर चढवायचा होता. एक मिनिट उशीर झाला, तर एक्केचाळीस वाचकांची आगाऊ मागणी आपोआप रद्द. लेखिका तीच, प्रकाशक तीच, त्यामुळे रागवायलाही दुसरं कोणी नव्हतं. आणि अकरा वेळा लिहूनही शेवट खोटा वाटत होता.

तिची पद्धत अशी: प्रसंग आधी गेममध्ये बांधायचा, घरच्यांकडून खेळून घ्यायचा, मग लिहायचा. टीव्हीच्या पडद्याचे चार भाग, चार माणसं. अंतराळस्थानक फुटतंय, हवा संपतेय. बाहेर यान उभं. आत कोणीतरी कळ दाबून धरली तरच दार उघडं राहतं. धरते यमुनाक्का, म्हातारी इंजिनिअर. बाकीचे सुटतात, ती मागे राहते.

यमुनाक्काचं काम आजवर कॉम्प्युटर करायचा. तो कधी काही बोलला नव्हता.

हवा ६०

कनकाम्मांनी कळ दाबून धरली. देविका यानात जाऊन बसली. तिचा नवरा वेंकट आणि नऊ वर्षांची मुलगी हरिणी दाराबाहेर पळाले.

“आता तुमचं भाषण, अम्मा. मी वाचते, तुम्ही म्हणा. ‘जा! माझा शेवटचा श्वास या ताऱ्यांमध्ये…’”

“हे कोण बोलते? दार धरलेल्या बाईला एवढा वेळ असतो काय?”

“मग तुम्ही काय म्हणाल?”

“हरिणी, पाणी घेतलीस? वेंकटा, पोचल्यावर फोन कर.”

वेंकट हसला. मग हसायचा थांबला.

हवा २२

पडद्यावरचं सगळ्यात छोटं माणूस वळलं आणि परत आत पळालं.

“हरिणी! बाहेर!”

“पाटी एकटी आहे.”

“अगं, आजी मरणारच आहे. गोष्टच तशी आहे.”

“मग मीपण.”

“वेंकट, तिला आण.”

वेंकट आणायला गेला, तो तिथेच उभा राहिला.

“अरे, ये ना!”

“माझी अम्मा आहे ती. तू लिही काय लिहायचं ते. मी नाही येत.”

हवा ४

देविका यानात एकटी. अंगठा ‘निघा’च्या बटणावर. तिनं तो उचलला आणि बाहेर उडी मारली.

हवा ०

मोहीम फसली. कळीभोवती चौघं आडवी.

हरिणी हसता हसता सोफ्यावरून खाली घसरली. कनकाम्मा मात्र चिडल्या.

“अय्यो! मी दार किती नीट धरलं होतं! परत कां आलात सगळे?”

४:३९

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या. मग चष्मा सरसावून पडद्याजवळ गेल्या. “हे पेटारे कशाचे?”

“ते असेच. सामानाचे. खोली रिकामी दिसू नये म्हणून.”

“मग एक ढकलून कळीवर ठेवायला काय झालं? बाल्कनीच्या दाराला मी रिकामा सिलिंडर लावतेच की.”

देविकानं पडद्यावरच्या पेटाऱ्यांकडे पाहिलं.

देविका आठवडाभर ओरगडमच्या कारखान्यात मोटारींची दारं डिझाइन करते. कादंबरीची एकशे नव्वद पानं त्या म्हातारीला मरणाकडे नेत होती, आणि पेटारे पहिल्या पानापासून तिथेच पडलेले.

“अप्पा, आईचं तोंड बघा!” हरिणी ओरडली.

“पेटारे काढून टाक,” वेंकट हळूच म्हणाला. “दोन मिनिटांचं काम. कोणाला कळणार?”

देविकानं लॅपटॉप मांडीवर ओढला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. ‘पेटारा’ शोधायचं, पुसायचं; यमुनाक्का ठरल्याप्रमाणे मरेल. तिनं शब्द शोधला. चौदा ठिकाणी निघाला.

तिनं तो तसाच ठेवला. शेवटाकडे गेली, भाषणाचं दीड पान निवडलं आणि पुसलं.

पुसताना तिला हसू फुटलं.

४:५१

तिघं खेळत होती, देविका टंकत होती.

कनकाम्मांनी पेटारा दोनदा भिंतीवर ढकलला, एकदा वेंकटवर. चौथ्या वेळी तो कळीवर बसला. दार उघडं राहिलं. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवून हात पदराला पुसले.

“आई, तुझं माणूस नुसतं उभं आहे!”

“थांब गं, एवढं वाक्य होऊ दे.”

“तू लिही. तुला मी नेते,” हरिणी म्हणाली आणि आईच्या माणसाला ओढत दाराबाहेर काढू लागली. ते उंबऱ्यावर अडकलं. तिनं त्याला उलटं केलं आणि पायाला धरून नेलं.

४:५७

चौघं यानात. सुकाणू कनकाम्मांच्या हातात.

“आता कुठं जायाचं?” त्यांनी विचारलं.

देविकानं मान वर केली. अकरा खर्ड्यांत एकदाही कोणी इथवर आलं नव्हतं. दाराच्या पलीकडचं तिनं लिहिलंच नव्हतं.

“माहीत नाही, अम्मा.”

“मग बघू,” म्हणत कनकाम्मांनी दांडी ढकलली. यान मागे गेलं, धाडकन स्थानकावर आदळलं. हरिणी किंचाळली, वेंकटनं डोळे झाकले. यान एकदा स्वतःभोवती गरकन फिरलं आणि काळ्या आकाशात निघालं.

देविकानं ते आदळणंही लिहून घेतलं आणि साइटवर चढवायचं बटण दाबलं.