येऊ द्या, येऊ द्या

"अहो, तो नकाशा आधी सुलटा धरा," लोरेटा म्हणाली. "मगाशी तुमच्या शहाणपणापायी एक वळण चुकलं आपलं."

"आपण नाही चुकलो. वळणच भलत्या जागी होतं."

लोरेटाला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. एवढी अवाढव्य मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं अख्खं घरच, हाकताना माणसाने गंभीर असावं असं तिचं मत होतं. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, समोर नेब्रास्काचा सरळसोट रस्ता आणि शेजारच्या सीटवर ही स्वारी. स्वयंसेवकाचं नारंगी जाकीट सकाळपासूनच अंगात चढवलेलं, मांडीवर तिच्या बिस्किटांचा डबा. डबा निम्मा रिकामा झाला होता.

"मेळाव्यासाठी केली होती ती बिस्किटं," ती म्हणाली.

"मग मी कुठे चाललोय? मेळाव्यालाच ना?"

मोटरहोमवाल्यांचा वार्षिक मेळावा उद्यापासून भरायचा होता. शंभरावर गाड्या यायच्या. जागा आखायच्या, मांडव घालायचा, विजेच्या तारा ओढायच्या आणि आलेली प्रत्येक गाडी तिच्या जागी नीट लावून घ्यायची, एवढं सगळं करायला मदतनीस मंडळी आदल्या दिवशीच पोचत. लोरेटाने मदतनिसांत यंदा पहिल्यांदाच नाव दिलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात असायचं आणि ती शेजारी बसून चुका काढायची. यंदा चालवायचं तिच्यावर आलं. घरासमोर गाडी मागे घेताना तिने टपालाची पेटी आडवी केली, तेव्हा तिचा मुलगा कर्टिस कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "आई, आता पुरे. या मेळाव्यात एक ओरखडा जरी आला ना, तर गाडी विकून टाकायची." तीही तावातावात कबूल करून बसली होती. गाडी पुढे न्यायला ती कोणाला हार जाणारी नव्हती. पण जागेवर लावायची म्हणजे उलटी घ्यावी लागते. गाडी जुनी, मागे कॅमेरा नाही. सकाळपासून तिने हेच गाऱ्हाणं चारदा बोलून दाखवलं होतं.

"मुलगा अगदीच काही चूक बोलत नाही हं," नकाशाची घडी घालत तो म्हणाला.

"घ्या, तुम्हीही त्याचीच बाजू घ्या! पुरुष सगळे सारखे."

"बाजू कसली? बाईसाहेब, ब्रेक मारताय की झुरळ?"

"एवढं आहे तर उतरा आणि या चालत."

"बिस्किटं संपली की उतरतो."

भांडता भांडता रस्ता कधी सरला ते कळलंही नाही. कितीतरी महिन्यांत लोरेटा इतकी खुशीत नव्हती.

जत्रेच्या मैदानावर आधी आलेली मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या हातात कागदी ताटली आणि जाड पेन. हा त्यांचा ठरलेला खेळ होता. गाडी आली, की नवरा-बायको ती कशी लावतात ते बघायचं आणि ताटलीवर गुण लिहून वर धरायचे. मधोमध युनिस बसली होती. गाड्या लावून घेणाऱ्या तुकडीची ती मुख्य.

"लग्न किती मुरलंय ते गाडी लावतानाच कळतं," युनिस येईल त्याला ऐकवायची. "गोडगोड बोलत गाडी लावणारी जोडी दिसली की समजा, एक तर नवी आहेत, नाहीतर एकमेकांची नाहीत."

लोरेटाच्या वाट्याला नेमकी अडचणीची जागा आली. एका अंगाला विजेचा खांब, दुसऱ्या अंगाला ओकचं झाड. तिने दोन्ही आरसे पुन्हा एकदा नीट केले.

तो खाली उतरून मागे गेला आणि ओरडू लागला, "येऊ द्या, येऊ द्या! डावीकडे!"

"कोणाची डावी? तुमची की माझी?"

"डावी ती डावी! येऊ द्या... अरे, खांब!"

तिने करकचून ब्रेक दाबला. "खांब आहे ते मलाही माहितीये! तो किती लांब आहे ते सांगा!"

"हातभर!"

"कोणाचा हात?"

खुर्च्यांमध्ये हशा पिकला.

"बाईसाहेब, मान आत घ्या आणि आरशात बघा!"

"आरशात तुम्हीच दिसताय, अख्खेच्या अख्खे! बाजूला व्हा, नाहीतर आधी तुमच्यावर घालते!"

तो बाजूला झाला. मग त्याने आवाज उतरवला. "आता सरळ. घाबरायचं नाही, मी आहे इथे. येऊ द्या... येऊ द्या... बास!"

लोरेटाने इंजिन बंद केलं आणि क्षणभर डोळे मिटले. तोवर तो गाडीवरून हात फिरवत भोवती एक चक्कर मारून खिडकीशी आला होता.

"एकही ओरखडा नाही. कळवा तुमच्या कर्टिसला."

तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. गाडी वाचली होती. खुर्च्यांवरून ताटल्या वर गेल्या, सगळ्यांवर दहा. एकाने तेवढे नऊ दिले, कारण भांडण फार लवकर मिटलं अशी त्याची तक्रार होती.

युनिस धावत आली. "याला म्हणतात जोडी! चाळीसेक वर्षं तरी झाली असणार संसाराला. उद्या गाड्या लावायला तुम्हा दोघांना एकत्रच ठेवते. चालेल ना?"

"मला चालेल," तो लोरेटाकडे बघत म्हणाला.

"मलाही," लोरेटा म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटली.

युनिस समाधानाने पुढच्या गाडीकडे गेली. लोरेटाने काच पूर्ण खाली घेतली आणि बाहेर वाकली.

"अहो," ती म्हणाली, "सकाळी पेट्रोल पंपावर तुमची गाडी बंद पडली म्हणून तुम्हाला बरोबर घेतलं, तेव्हापासून भांडतेय मी तुमच्याशी, पण तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं."