मधली खिडकी

गवंड्यानं शेवटची वीट बसवली, तसा कीझियाच्या जिवाला थंडावा वाटला. समोरच्या पार्डोबाईंच्या माडीवरची मधली खिडकी बुजली. घराच्या खिडक्या मोजून बसणारा कर ज्यानं वाढवला त्याचं भलं होवो, असं ती मनातल्या मनात म्हणाली. त्याच खिडकीत विधवा लेटिस पार्डो शिवण घेऊन बसायची, आणि गल्लीच्या अलीकडे कीझियाचा नवरा एमस बिअरचा पेला घेऊन, तोंड तिकडे करून. बोलणं नाही, खूण नाही. भांडावं म्हटलं तरी हाती काही लागायचं नाही.

"आता बस म्हणावं विटांकडे बघत," ती दूधवालीला म्हणाली.

"बघेल गं बाई," दूधवाली खुदकन हसली. "त्याही तिच्या गालांसारख्या लालगुलाबीच आहेत की!"

पुढच्या आठवड्यात पार्डोबाईंचा निरोप आला. पाच खिडक्यांच्या ओळीत नेमकी मधली आंधळी. पुढचा दात पडल्यासारखं घर दिसतंय. गावात इतरांनी करून घेतली, तशी विटांवर खोटी खिडकी रंगवून हवी. आणि लडलो गावात असलं काम जमणारा रंगारी एकच, एमस.

"जाऊ ना?" त्यानं विचारलं.

"जा की. खोट्या खिडकीला मी कशाला भिऊ?"

एमस शिडीवर चढला. कीझिया काचेआड उभी राहिली. आधी काळ्याभोर काचा उमटल्या, काचांवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांना बारीक सावली. बाळाच्या कपाळावरून फिरावा तसा त्याचा हात फिरत होता. तिच्या दाराचा रंग उडाल्याला दोन हिवाळे झाले होते.

लेटिस एकदाही बाहेर आली नाही. तेच जास्त बोचलं.

"अरे एमस, चिमणी येऊन धडकेल त्यावर!" दूधवाली खालून ओरडली.

संध्याकाळी एमस हात धुऊन वाटाण्याच्या सूपच्या वाडग्यासमोर बसला. बाहेर मार्चचा वारा सुटला होता. कीझियानं कामाच्या फडक्यानं काच पुसली आणि समोर पाहिलं. पार्डोबाईंच्या चारही खऱ्या खिडक्यांच्या सरकत्या चौकटी पार खालपर्यंत ओढलेल्या होत्या. मधल्या, रंगवलेल्या खिडकीची चौकट तेवढी चार बोटं वर सरकवलेली होती.

ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"एमस, समोरची एक खिडकी उघडी राहिलीय."

त्यानं मान वर केली नाही. पाव मोडला.

"भिंतीनं रंग धरला आता, बदलायचा नाही," तो म्हणाला.

"गार वारा येतोय," म्हणत कीझियानं आपली खिडकी खाली ओढायला घेतली. दोन्ही हातांनी ओढली, पण ती हलेना. सकाळपासून ती बंदच होती.