लव्हाळ्यातलं घरटं

नदीमुखाच्या पक्षी अभयारण्यात त्याने काढलेला फोटो स्पर्धेत पहिला आला. बगळी पिलांना भरवतेय आणि मध्ये एक काडीही आड नाही!

"भावजी, इतका स्पष्ट कसा हो मिळाला?" बक्षीस समारंभात मागच्या खुर्चीवरून मेहुणीने विचारलं.

"संयम लागतो," तो साळसूदपणे म्हणाला.

शेजारी बसलेल्या बायकोला शिसारी आली. घरट्यावरची लव्हाळी त्याने कात्रीने छाटली, तेव्हा होडीत तीच तर होती. "अहो, वर घार घिरट्या घालतेय. फोटो झाला ना? आता झाका ते घरटं," असं तिने दोनदा विनवलंही होतं.

"थांब गं जरा," म्हणत तो कॅमेरा रोखून बसला होता.

 

दुसरं बक्षीसही त्यालाच जाहीर झालं: पडद्यावर घारीच्या पंजात लोंबणारं पिल्लू, आणि खाली नाव, 'निसर्गाचा नियम'.